आधी गोष्ट, मग यंत्र

अमेरिकेतील डेट्रॉइटच्या वाचनालयात अकरा-बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलींना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायला तुम्ही निघाला आहात, तेव्हा पहिल्या दिवशी संगणक बंदच ठेवा, असे मी सुचवेन. प्रत्येकीला आजीच्या हातून वेण्या घालून घेतानाची गोष्ट स्वतःच्या बोलीत वहीवर लिहू द्या (आणि त्या बोलीला अशुद्ध म्हणून लाल शाई लावू नका). दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीचे पहिले वाक्य यंत्राला, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला, देऊन पुढचा भाग लिहून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. यंत्राने काय गाळले, कोणाचे केस सरळ केले, आजीच्या तोंडी कोणती भाषा घातली, हे मुली स्वतःच शोधतात. आणि यंत्र आधी वाचलेल्या मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द निवडते, हे तेव्हाच सांगितले तर पटकन कळते.

त्यानंतर कृष्णवर्णीय संगणक-संशोधक जॉय बुओलाम्विनी यांची हकिकत सांगा. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात शिकताना संगणकाला त्यांचा चेहरा ओळखता येईना, पांढरा मुखवटा चढवल्यावर मात्र तो दिसू लागला. संशोधक टिम्निट गेब्रू यांच्यासह त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवताना एका प्रणालीची चूक सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्के, तर गोऱ्या पुरुषांबाबत केवळ ०.३ टक्के निघाली. मुलींना आकड्यांपेक्षा मुखवटाच लक्षात राहतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मुलींची खरी नावे व छायाचित्रे यंत्रात घालू नका. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यासाठी अमेरिकन कायद्यानुसार पालकांची संमती लागते.