गाड्यांचा कोर्स करून पोराचं भलं होईल का?

हा प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यातल्याच एका कुटुंबाचं सांगते, मुलाला ऑटोमोबाइल टेक्निशियनचा कोर्स करायचा होता आणि वडील म्हणत होते की मॅडम, हात काळेच करायचेत तर फी कशाला भरायची, गॅरेजात राहूनही शिकेल की. आईचा प्रश्न वेगळाच, "टेक्निशियन मिळत नाहीत म्हणतात ना सगळे, मग पोरं नोकरीला लागून वर्षा-दोन वर्षांत सोडून का जातात?"

वडिलांना मी एवढंच म्हटलं, आता गाडी नुसती पान्या-स्क्रू ड्रायव्हरची राहिलेली नाही, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी 400 व्होल्टच्या आसपास असते, काहींची तर 800, तो करंट वाहणाऱ्या केशरी केबलला हात लावायच्या आधी सप्लाय तोडून मीटरने शून्य आलंय का ते बघावं लागतं, आणि हे चुकतमाकत शिकायचं काम नाही. जर्मनीत 2003 पासून गाडीचा मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन मिळून एकच साडेतीन वर्षांचा कोर्स केलाय, त्यात पोरगं वर्कशॉपमध्ये पगारावर काम करतं आणि सोबत शाळेतही जातं. माझं तर ठाम मत आहे की नुसतं कॉलेज किंवा नुसतं गॅरेज, दोन्ही अर्धवटच.

मग त्यांना सांगितलं, ॲडमिशनआधी वर्कशॉप बघून या, पोरांच्या हातात खरी गाडी किती वेळ असते ते विचारा. पहिल्या कॉलेजात आतलं दिसावं म्हणून कापून, रंगवून ठेवलेलं इंजिन आणि एका गाडीभोवती उभी असलेली अख्खी बॅच! दुसरं लहान होतं पण गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं स्कॅन टूल पोरंच वापरत होती, तेच घेतलं.

पोरगा इंटर्नशिपला असताना एका गाडीत पी0171 हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. सीनियर म्हणाला ऑक्सिजन सेन्सर बदलून टाक, ह्याने आधी स्मोक टेस्ट केली, म्हणजे पाइपात धूर सोडून गळती शोधली, तर इनटेकच्या पाइपला खालच्या अंगाला चीर, धूर तिथूनच येत होता. सेन्सरचा खर्च वाचला ना गिऱ्हाइकाचा!! हे कॉलेजनेच शिकवलेलं, कोड म्हणजे निदान नव्हे.

पण नोकरी लागल्यावर त्याला नुसतं ऑइल बदलायलाच ठेवलं, सीनियरला कामागणिक पैसे मिळायचे त्यामुळे शिकवण्यात वेळ गेला की त्याचंच नुकसान, आणि टूल्स ह्यालाच स्वतःच्या खिशातून घ्यायची. सोडतो म्हणून आला माझ्याकडे. आईचा प्रश्न हाच होता बघा, कॉलेज नवीन पोरं आणून देईल पण ती टिकवायची वर्कशॉपनेच. आम्ही बसून त्याला मॅनेजरकडे काय मागायचं ते ठरवलं, आठवड्यातला एक दिवस डायग्नोसिसवर आणि त्या दिवशी सीनियरला शिकवण्याचे वेगळे पैसे. मॅनेजरने मानलं, पोरगा अजून तिथेच आहे. टूल्सचा खर्च मात्र अजून त्याच्याच माथी, त्यासाठी आता वर्कशॉपकडून हप्त्याने घेता येतील का ते विचारायला सांगितलंय.