अ‍ॅप आधी की प्रेक्षक आधी?

प्रश्न: आम्ही तिघं मित्र इंदूरचे. माळव्यातलं खाणं, इथली मराठी नाटकं, होळकरांचा इतिहास असे पाच-सहा चॅनल मिळून व्हिडिओ नेटवर्क काढायचं चाललंय. एक मित्र म्हणतो स्वतःचं अ‍ॅपच बनवू, खर्च ऐकून माझे हातपाय गळाले. काय करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: अ‍ॅप राहू द्या हो. तिथे जितके लोक बघतील तितकं सर्व्हरचं बिल वाढणार, यूट्यूबवर ते बिल गूगल भरतं आणि वर जाहिरातीतले 55 टक्के तुम्हाला, अर्थात आधी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास वॉच टाइम पाहिजे, शॉर्ट्स फीडमधले तास त्यात धरत नाहीत.

आणि पाच चॅनल एकदम नकोच. सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं एवढंच धरा. सोन्याची दुकानं बंद झाली की ओट्यावर गराडू (एक कंद) तळायला घेतात ना, थेट त्या कढईपासून सुरू करा, ‘नमस्कार मित्रांनो’मध्ये अर्धा मिनिट घालवलं की लोक पळतात. यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठपर्यंत बघतात त्याचा, ग्राफ बघा, कुठे धपकन पडला ते लगेच दिसतं.

नेटवर्कचं स्वप्न वेडं नाही, डिस्नेने 2014 मध्ये मेकर स्टुडिओज हे यूट्यूब चॅनलांचं नेटवर्क घ्यायचा सौदा 50 कोटी डॉलरला केला, पण त्यांच्याकडे हजारो चॅनल होते!

मित्र असलात तरी कागद करा, चॅनल कुणाच्या जीमेलवर, फुटेज कुणाचं, एक जण सोडून गेला तर काय. नाटक टाकायचं तर लेखकाची, संगीताची लेखी परवानगी आधी, नाहीतर कंटेंट आयडीचा (यूट्यूबची दुसऱ्याचं संगीत-व्हिडिओ ओळखणारी यंत्रणा) क्लेम येतो आणि कमाई दुसऱ्याच्या खिशात.