एक सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) ठेवणारा नऊ एकरवाला शेतकरी मार्क्सच्या हिशोबात शोषक ठरतो का? आणि वरकड मूल्य खरंच आकड्यात मोजता येतं का?

येतं. मी मोजलंय. १९९६ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), पारोळा तालुक्यातल्या आमच्या ओट्यावर बसून. एकाच वहीवरून तीनदा मोजलं आणि तीन वेगळी उत्तरं आली. आवश्यक श्रम म्हणजे मजुराच्या पोटापुरतं काम, वरकड श्रम म्हणजे त्यावरचं, आणि त्यातून मालकाच्या हाती जाणारं ते वरकड मूल्य; बाकी व्याख्या तुम्ही कोळून प्यायला असालच, त्या सोडतो.

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला फिरतं. सकाळीच जुना हिशोब चुकता होतो, खाडे कापले जातात, नवी रक्कम ठरते, मग पुरणपोळी. त्या वर्षी ठरलं दहा हजार रुपये, चार क्विंटल दादर (ज्वारी), दोन जोडी कपडे आणि पायताण. सालदाराची बायको चौकटीला टेकून उभी होती. तिच्याशी कोणीच बोललं नाही. रोज सकाळी येऊन गोठा झाडायचा, शेण काढायचं, हे तिचं काम ‘सालातच’ धरलेलं असायचं.

मी जळगावला राज्यशास्त्रात एम. ए. करत होतो. पहिलं वर्ष नुकतंच संपलेलं, डोक्यात शहाद्याची श्रमिक संघटना. १९७२ पासून तिथल्या भिल्ल सालदारांनी आणि मजुरांनी मजुरीसाठी, जमिनीसाठी केवढं मोठं आंदोलन उभारलं होतं, आणि आमच्या ओट्यावर हे असं. चारचौघांत वडिलांना बोलून गेलो, “आप्पा, तुम्ही याचं वरकड मूल्य खाता.”

आप्पांच्या सदऱ्याला शेतकरी संघटनेचा बिल्ला. शरद जोशींचं म्हणणं त्यांना तोंडपाठ: भांडण गावातल्या गावात नाही, ते भारत आणि इंडियात आहे, शेतमालाचा भाव पाडून सरकार वरच्यावर सगळं ओढून नेतं, मग मजुराला द्यायला शेतकऱ्याकडे उरतं काय? तेव्हा कापूस एकाधिकार खरेदीचा होता, कायद्याने गिऱ्हाईक एकच, आणि चुकारा हप्त्याहप्त्याने. त्यांनी आत जाऊन वही आणली आणि माझ्या पुढ्यात आपटली. “तुना मार्क्सनी कधी वखर हाकेल शे का रे? हाई वही ले. कोठे शे तुनं वरकड, दखाड.”

ज्याच्यासाठी मी भांडत होतो तो सालदार म्हणाला, “भाऊ, ते ऱ्हाऊ दे. मना खाडा कितला धरात ते देख.”

खाडे चौदा धरले होते. तो बारा म्हणत होता. त्याचंच बरोबर निघालं, आणि त्या दिवसातलं माझं खरं उपयोगी काम तेवढंच.

रात्री वही घेऊन बसलो. बी, खत, फवारणी, वेचणी, साल, सगळं जाऊन घरात साडेबारा हजार उरले होते. आप्पांचे वावरातले दिवस धरले अडीचशे. रोजाला पन्नास रुपये पडले. सालदाराचे दहा हजार, वर दादरीचे तेव्हाच्या भावाने दोन हजार, दिवस तीनशे तीस; रोज छत्तीस रुपये. जिंकलो! पन्नास विरुद्ध छत्तीस, शोषण सिद्ध. माझे स्वतःचे दिवस शून्य होते, कारण मी जळगावला क्रांती करत होतो.

मग लक्षात आलं, आईचा रकानाच नाही. निंदणी, वेचणी, बी टोचणं. तिला विचारून विचारून एकशे चाळीस दिवस काढले. ते मिळवले तर साडेबारा हजारांना तीनशे नव्वदने भागायचं: बत्तीस रुपये. म्हणजे मालक सालदाराहून स्वस्त. मग सालदाराच्या बायकोची रोजची अर्धी पाळी धरली, तर त्यांच्या बारा हजारांना चारशे पंच्याण्णवने भागायचं: चोवीस. पारडं पुन्हा फिरलं. प्रत्येक वेळी ते फिरवलं एकेका बाईने, आणि दोघींचं नाव वहीत नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांनी सत्तरच्या दशकात नेमकी याचीच फूटपट्टी दिली होती. बाहेरून घेतलेले निव्वळ श्रम भागिले घरचे श्रम. एक किंवा त्याहून जास्त आलं तर श्रीमंत शेतकरी, एकाच्या खाली पण शून्याच्या वर आलं तर मधला. आमच्या घरी बाहेरचे म्हणून एकट्या सालदाराचे दिवस धरले तर आई वगळून १.३२ येतं आणि आई धरून ०.८५. आईला विसरलं की आप्पांचा वर्ग बदलतो. दोष पटनाईकांचा नाही, त्यांच्या मापात घरचे श्रम म्हणजे सगळ्या घरचे. दोष वही लिहिणाऱ्यांचा.

खुद्द मार्क्सला हे कळत नव्हतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. १८५२ साली त्याने फ्रान्सच्या शेतकऱ्यांना बटाट्याच्या पोत्याची उपमा दिली तेवढीच लोकांच्या लक्षात राहते. १८९४ ला एंगल्सने छापलेल्या ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात त्याने लिहून ठेवलंय की छोट्या मालक-शेतकऱ्याला नफा नाही सुटला, जमिनीचं भाडं नाही सुटलं, तरी स्वतःच्या मजुरीइतकं मिळालं की तो पेरत राहतो, आणि अशांपैकी सगळ्यात हलाखीत कसणाऱ्यांच्या वरकड श्रमाचा एक भाग समाजाला फुकट जातो. हे वाचलं तेव्हा मला आप्पाच दिसले. रशियात अर्थतज्ज्ञ चायानोव्हने पुढे दाखवलं की कुटुंब स्वतःलाच किती पिळून घेतं. म्हणजे आमच्या वावरातून वरकड निघत होतं, पण ते आमच्या कोठीत न थांबता पुढे जात होतं. एवढं आप्पांचं बरोबर. पण पुढे कोण पिळतो हे सांगून मागे आपण कोणाला पिळतो ते पुसलं जात नाही. हे त्यांना मी आज तीस वर्षं सांगतोय.

हमीभावाचं भांडणही हेच आहे. उत्पादनखर्चाच्या सरकारी हिशोबात ए-टू म्हणजे खिशातून गेलेला खर्च, त्यात एफ-एल मिळवलं की घरच्यांची मजुरी आली, सी-टूत स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला, तो सरकारने ए-टू अधिक एफ-एलवर धरला. संघटना सी-टू मागतात. कोणता रकाना धरायचा हे ठरलं की विचारसरणी ठरली. परीक्षेत हे लिहा, मार्क मिळतील.

एक सांगायचं राहिलं. वेचणीच्या बायांचे पैसे किलोवर होते, त्यांचे दिवस वहीत नव्हते, म्हणून ते मी वरच्या १.३२ आणि ०.८५ मध्ये धरलेले नाहीत. धरले तर आप्पा पुन्हा एकाच्या वर जाऊ शकतात. आणि हे कोरडवाहू कापसाचं झालं. रावेर-यावलच्या केळीवाल्या बड्या बागायतदाराने माझं उत्तर दाखवून स्वतःला गरीब म्हणवू नये.

१९८६ ला शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला आई ट्रकमध्ये बसून गेली होती, आप्पांनीच पाठवली होती. तरी तिचे दिवस धरायला ते तोंडाने कधी तयार झाले नाहीत. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना ती वही सापडली. माझ्या अक्षरात ‘आई – १४० दिवस’ असं लिहिलेलं आहे. त्याखाली पेन्सिलीने, आप्पांच्या अक्षरात: ‘तिनं ढोरांचं काम धरेल नाही.’