क्योटोला निघण्याआधी

बडोदा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सहलीचा कार्यक्रम वाचला. आठ दिवसांत टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका! त्यात ‘स्थानिक जीवनाचा अनुभव’ म्हणून किमोनो घालून फोटो आणि तासभर चहा. हौस म्हणून ठीक आहे. पण तिथली माणसं रोज कशी जगतात हे तुला बघायचंय ना? मग सगळा मुक्काम एकट्या क्योटोत कर आणि त्यातलाही बराच वेळ एकाच वस्तीत घालव.

गाईड मात्र जरूर घे. हातात फोन असला की गाईड कशाला, हे मला पटत नाही. रोजचं जगणं दाराच्या आत असतं, आणि परक्याने ते दार ढकलू नये. क्योटोच्या गिओन भागात कामावर निघालेल्या गेइको-माइकोंच्या, म्हणजे पारंपरिक नाच-गाणं करणाऱ्या कलावंत आणि त्यांच्या शिकाऊ मुलींच्या, मागे पर्यटक कॅमेरे घेऊन धावायला लागले. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. आत गेलं तर १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. वस्तीला ओळखणारं माणूस बरोबर असलं की आपण कुठे थांबायचं ते कळतं.

जपानमध्ये गाईडसाठी राष्ट्रीय परीक्षा आहे, पण २०१८ पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन हे काम करता येतं. म्हणून नीट चौकशी कर. परवान्याइतकंच मी हेही विचारीन की गाईडबाई राहतात कुठे, आणि ज्या बाजारात तुला नेणार तिथून स्वतःच्या घरची भाजी घेतात का.

एक संध्याकाळ सेंतोसाठी ठेव. सेंतो म्हणजे वस्तीतलं सार्वजनिक स्नानगृह. बायका-पुरुषांचे भाग वेगळे असतात, पण आत अंगावर कपडे नसतात. तुला संकोच वाटेल हे मला माहीत आहे, तरी जा. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, साबणाचा थेंबही अंगावर राहू द्यायचा नाही, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. त्या पाण्यात सगळी आळी बसते, त्यामुळे ते स्वच्छ ठेवणं प्रत्येकीचं काम. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानभर अशी सुमारे अठरा हजार सेंतो होती. घरोघरी न्हाणीघरं झाली आणि आता दोन हजारांच्या आत उरली. त्यांचा कमाल दर त्या त्या प्रांताचं सरकार ठरवतं. मग तेवढ्या पैशांत पाणी तापवायचा खर्च कसा निघतो, पुढची पिढी हे चालवायला तयार आहे का, हे गाईडमार्फत मालकिणीला विचार.

असे प्रश्न विचारणं तर आपल्या बडोद्याच्या रक्तात आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं पाहिली. इमारती पाहून ते खूश झाले आणि परत आले, असं घडलं नाही. ती चालतात कशी हे त्यांना हवं होतं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, आणि पेट्यांत भरलेली पुस्तकं संस्थानाच्या खेड्याखेड्यांत जाऊ लागली.

जेवणाचं आधीच सांगून ठेव. ‘मांस नको’ एवढ्याने भागत नाही. मिसो सूप, उदोन नावाच्या जाड शेवया, अगदी शिजवलेली भाजीसुद्धा बहुधा दाशीत, म्हणजे तिथल्या रोजच्या रश्शाच्या पाण्यात, केलेली असते, आणि त्या दाशीत बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. ‘मासळीची दाशीही नको’ असं गाईडकडून जपानीत लिहून घे. बौद्ध मठांतलं शोजिन र्‍योरी हे शाकाहारी जेवण तुला चालेल. त्यातली दाशी समुद्री शेवाळ आणि मशरूमची.

कुणाच्या घरी जेवायला नेणार असतील तर इथला लिलो चिवडा घेऊन जा. तेही तुला विचारतील, तुमच्याकडे सकाळी काय करतात, भाजी कुठून येते? त्यासाठी निघण्याआधी दोन-चारदा आईबरोबर खंडेराव मार्केटला जा आणि भाजीवाल्यांशी बोल.

गाईडबाईंचं उत्तर आलं की मला दाखव. तोवर सहल कंपनीला आगाऊ पैसे भरू नकोस.

तुझी
मावशी