लांब पल्ल्याच्या सरावासाठी स्टीलचं टार्गेट कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: ६.५ क्रीडमूर (६.५ मिलिमीटरचं एक काडतूस) रायफल आहे, ३०० ते ८०० मीटरची रेंज सरावाला मिळते, काही महिन्यांनी पहिल्या स्टील मॅचला, म्हणजे स्टीलच्या प्लेटवर नेम मारायच्या स्पर्धेला, उतरायचंय. तर एआर५०० घ्यावं की एआर५५० (दोन्ही झीज न होणाऱ्या कठीण स्टीलच्या जाती), जाडी १० मिलिमीटर की १२, आकार केवढा आणि टांगायचं कसं?

स्टीलच्या जातीबद्दल सांगतोच, पण माझ्या मते सरावाचं सगळं गणित आकारावर बसतं, म्हणून तिथून सुरुवात करतो. पहिली प्लेट मोठी घ्या. मॅचमध्ये असते त्याच्या दुप्पट रुंद.

हे मी ठासून का सांगतोय ते ऐका. मी सुरुवात केली तेव्हा ६०० मीटरवर २० सेंटिमीटरची गोल प्लेट टांगली होती. स्पर्धेत लहान टार्गेट असतात, मग सरावही लहानावरच करावा, असा सरळ विचार. मागे गवताळ उतार होता. दहा गोळ्या झाडल्या, एकही लागली नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे एकही कुठे गेली ते दिसलं नाही. गवतात गोळी शिरते, धूळ उडत नाही, स्कोप धक्क्याने हललेला असतो. मी एलिव्हेशन (स्कोपची उंचीची जुळणी) वर केलं, खाली केलं, रायफलचा झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी यांचा मेळ) गेला असं धरून झिरो तपासला. सगळी दुपार गेली. पुढच्या वेळी एका जाणत्या नेमबाजाने त्याच जागी ६० सेंटिमीटरची चौकोनी पांढरी प्लेट लावून दिली. पहिल्या पाच गोळ्या प्लेटच्या डाव्या कडेला, माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत. रायफल ठीक होती, मीही ठीक होतो, वाऱ्याचा अंदाज चुकत होता. तुमच्या काडतुसासारख्या गोळीला ६०० मीटरवर आडवा वारा ताशी ५ किलोमीटरने चुकीचा धरला तर गोळी साधारण पाव मीटर सरकते. २० सेंटिमीटरच्या प्लेटचा मध्य धरला तर कड फक्त १० सेंटिमीटरवर. म्हणजे माझी प्रत्येक गोळी १५ सेंटिमीटरने बाहेर जात होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

चुकलेल्या गोळीची माहिती मिळाली नाही तर ती गोळी वाया गेली. लांब पल्ल्यावर सराव म्हणजे ही माहिती गोळा करणं. म्हणून मोठी प्लेट.

आता माप. सेंटिमीटरमध्ये विचार करू नका, मिलमध्ये करा. मिल हे स्कोपवरचं कोनाचं माप. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ६०० मीटरवर ६०, ८०० वर ८०. तुम्हाला मिनिटांची (अंशाच्या साठाव्या भागाची) सवय असेल तर १ मिनिट म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर, आणि १ मिलमध्ये जवळपास ३.४ मिनिटं बसतात. मॅचमधल्या पुष्कळशा प्लेट दीड ते तीन मिनिटांच्या दरम्यान असतात. सरावाला मी अर्धा मिल हे ‘मॅचचं माप’ धरतो आणि १ मिल हे ‘वाचायचं माप’, म्हणजे चुकलेली गोळी कुठे गेली ते वाचता येईल असं. तुमच्या रेंजवर अर्धा मिल म्हणजे ३०० मीटरला १५ सेंटिमीटर, ६०० ला ३०, ८०० ला ४०. त्यामुळे ३० सेंटिमीटरची एकच गोल प्लेट ६०० वर मॅचच्या मापाची असते, आणि तीच ३०० वर नेली की वाचायच्या मापाची होते. एवढं लक्षात ठेवलं तर फार प्लेट घ्याव्या लागत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर ६० सेंटिमीटरचा एक चौकोन, ३० ची एक गोल आणि १५ ची एक गोल एवढ्या तीनच घेतल्या असत्या.

वजनाचा विचार आधी करा, कारण प्लेट तुम्हालाच ८०० मीटर चालत न्यायची आहे. ३० सेंटिमीटरची गोल प्लेट १० मिलिमीटर जाडीत साडेपाच किलोची होते, १२ मध्ये पावणेसात किलोच्या आसपास. हे हातात धरून चालता येतं. ६० सेंटिमीटरचा चौकोन मात्र १० मिलिमीटरलाच २८ किलो भरतो आणि १२ ला ३४. दोन माणसं लागतात, आणि स्टँडही तसाच भक्कम लागतो.

इथून आपोआप जाडीवर येतो. तुमच्यासाठी १० मिलिमीटर पुरेशी आहे. १२ घेण्याचं कारण एकच, ते म्हणजे मोठी मॅग्नम (जास्त दारूची, जोरदार) काडतुसं जवळून मारायची असतील तर. तुमची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटरने निघते, ३०० मीटरवर ती ६८० च्या आसपास येते आणि ८०० वर ४७० च्या. वेग एवढा उतरला की ऊर्जा सुरुवातीच्या एक तृतीयांशच उरते. लांबची प्लेट झिजते फार कमी. उलट जाड आणि जड प्लेट तिथे हलतही नाही, आणि लागली की नाही यावर वाद सुरू होतात. दूरवर प्लेट जरा हलकी असलेलीच बरी. ती झुलते, आवाज मोकळा देते. प्लेटची खरी परीक्षा जवळच्या पल्ल्यावर असते, म्हणून स्टील निवडताना ‘मी हिच्यावर सगळ्यात जवळून कुठून मारणार आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारा.

स्टीलबद्दल तडजोड नको. साधं बांधकामाचं स्टील नेमबाजीला कधीच घेऊ नका, कितीही जाड असलं तरी. त्याची ब्रिनेल कठीणता (धातूचा कठीणपणा मोजायचं माप) १२० ते १५० च्या घरात असते, एआर५०० ची ५०० च्या आसपास. कठीण आणि सपाट पृष्ठभागावर गोळी आपटली की तिचा चुरा होतो आणि तो चुरा प्लेटला जवळजवळ समांतर, चारही बाजूंना उडतो. मऊ स्टीलमध्ये गोळी खळगा पाडते, आणि पुढची गोळी त्या खळग्याच्या वाटीत शिरली की तुकडे वाटीच्या कडेवरून वळून नेमबाजाकडे परत येतात. आमच्या सरावात एकदा कोणीतरी साधी प्लेट आणली होती, १०० मीटरवर लावली. तिसऱ्या की चौथ्या गोळीला तांब्याच्या वेष्टणाचा नखाएवढा तुकडा शेजारच्या माणसाच्या चष्म्याच्या काचेवर येऊन बसला. काचेला चरा पडला, डोळा वाचला. त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या प्लेटवर गोळी झाडण्याआधी जाऊन ती बघून येतो.

एआर५०० की एआर५५०? ५५० जास्त कठीण, खळगे आणखी कमी पडतात, पण ५०० पेक्षा थोडं ठिसूळ. ज्याची प्लेट रोज शेकडो गोळ्या जवळून खाते त्याला ५५० चा फायदा दिसेल. तुम्ही ३०० मीटरच्या पुढे आहात, तुम्हाला ५०० निवांत पुरेल. स्टील कोणतंही असलं तरी आपटताना गोळीचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या खाली असला पाहिजे, आणि रायफलने १०० मीटरच्या आतून स्टीलवर मारायचंच नाही. वेग हाच प्लेटचा खरा शत्रू आहे. अमेरिकेतल्या प्रिसिजन रायफल सिरीज या लांब पल्ल्याच्या स्पर्धामालिकेच्या नियमांत नळीतून निघणाऱ्या गोळीच्या वेगाला सेकंदाला ३,२०० फुटांची, म्हणजे सुमारे ९७५ मीटरची, मर्यादा आहे.

विकत घेताना आणखी एक गोष्ट नक्की विचारा: प्लेट कशाने कापली आहे? हे स्टील तापवून आणि झटकन थंड करून कठीण केलेलं असतं. ते पुन्हा २५० अंशांच्या वर तापलं की मऊ पडायला लागतं. गॅसच्या ज्योतीने कापलेल्या प्लेटची कड बरीच आतपर्यंत मऊ झालेली असते, प्लाझ्माने त्याहून कमी, लेझरने अगदी थोडी, आणि पाण्याच्या धारेने कापली तर जवळपास नाहीच. त्याच कारणाने प्लेटवर हुक किंवा कडी वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डिंगच्या भोवती मऊ जागा तयार होते आणि तिथेच पहिला खळगा पडतो. भोकं कापतानाच पाडून घ्या. शक्य असेल तर वर दोन कान असलेली प्लेट घ्या, म्हणजे भोकं मुख्य आकाराच्या बाहेर राहतात.

टांगायला दोन भोकं, दोन बोल्ट, आणि साखळीऐवजी रबरी पट्टा. कन्व्हेयर बेल्टचे कापलेले तुकडे उत्तम चालतात. साखळीच्या कडीला गोळी लागली तर कडी तुटते आणि तिचे तुकडे कुठेही जातात. पट्ट्यातून गोळी आरपार जाते आणि पट्टा बरेच दिवस टिकतो. एका भोकावर टांगलेली प्लेट गोळीनंतर गिरक्या घेते आणि कधी कधी कड तुमच्याकडे करून थांबते, म्हणून दोनच हवीत. बोल्ट गोल डोक्याचा घ्या, डोकं पुढे, पट्टा प्लेटच्या मागे. पट्टा मागे असला की प्लेटचं वजन टांगलेल्या रेषेच्या पुढे पडतं, खालची कड मागे सरकते आणि तोंड आपोआप जमिनीकडे झुकतं. आम्हाला हेच हवं असतं, कारण मग चुरा खाली मातीत जातो. १५ ते २० अंशांचा कल चांगला. कमी पडला तर प्लेट आणि पट्टा यांच्यामध्ये बोल्टवर आणखी दोन-तीन वॉशर किंवा एक जाड स्प्रिंग घाला, कल वाढलेला डोळ्याला दिसतो. स्प्रिंग मला जास्त आवडते, बोल्टला बसणारा धक्का ती पिते.

रंग साधा पांढरा स्प्रे, न चमकणारा. गोळी लागली की रंग उडून राखाडी फुलासारखा डाग उमटतो आणि ६०० मीटरवरून चांगल्या स्पॉटिंग स्कोपमधून (टार्गेट बघायच्या दुर्बिणीतून) तो स्पष्ट दिसतो, मिराज (तापलेल्या हवेची थरथर) फार नसेल तर. ६० च्या चौकोनावर मी मधोमध ३० सेंटिमीटरचा गोल नारिंगी रंगाने काढतो. बाहेरच्या पांढऱ्यावर लागलेली गोळी म्हणजे मॅचमध्ये चुकलेली गोळी, पण किती आणि कुठल्या बाजूला ते वहीत लिहायला मिळतं. दर दहा गोळ्यांनी पुन्हा रंग लावायला चालत जायचा कंटाळा येतो, तरी जा. रंगवताना हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा, त्या राखाडी थरात शिसं असतं.

आवाजावर विसंबू नका. ८०० मीटरवरून ‘टंग’ यायला गोळी लागल्यापासून सव्वादोन सेकंदांहून जास्त लागतात आणि वारा उलटा असेल तर तो ऐकूही येत नाही. गोळी लागताच लुकलुकणारा दिवा प्लेटच्या मागे बसवता येतो. लांबच्या प्लेटसाठी उपयोगी आहे, पण रंगाइतकी माहिती तो देत नाही.

तुमची मॅच मेटॅलिक सिल्हूटची (प्राण्यांच्या धातूच्या आकृत्या पाडायच्या खेळाची) असेल तर मात्र वरचं बरंच बदलेल. मेक्सिकोत सुरू झालेल्या त्या खेळात मोठ्या रायफलला २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा असतो, आणि आकृती पडली तरच गुण. तिथे टांगलेली प्लेट कामाची नाही, पायावर उभी राहणारी आणि कोसळणारी आकृतीच हवी.

दारूगोळ्याचं थोडक्यात. पोलादी गाभ्याची किंवा चिलखत भेदणारी गोळी स्टीलवर नको, एकच गोळी प्लेट बाद करते. जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं असतील तर गोळीला लोहचुंबक लावून बघा, चिकटली तर बाजूला ठेवा. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताचं भान ठेवा. अमेरिकेच्या वनसेवेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये गोळ्या स्टीलवर आपटवून पाहिल्या, तेव्हा गरम तुकड्यांनी कोरडं पीट (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) पेटलं, आणि सगळ्यात जास्त वेळा ते पोलादी गाभ्याच्या आणि भरीव तांब्याच्या गोळ्यांनी पेटलं. मी स्टँडखाली आणि भोवती चांगली दोन-तीन मीटर जमीन साफ करतो आणि पाण्याचा कॅन जवळ ठेवतो. प्लेटच्या मागे मातीचा उंच बांध हवाच, कारण चुकलेली गोळी काही किलोमीटर जाते. आणि घेण्याआधी रेंज ऑफिसरला विचारा. सगळ्याच रेंजवर स्टील लावू देत नाहीत.

प्रत्येक वेळी लावण्याआधी प्लेटवरून हातमोजा घालून बोट फिरवून बघा. बोट अडकेल असा खळगा, चीर किंवा दुमडलेली कड सापडली तर ती प्लेट बाद, मग ती कितीही नवी असो. नुसती थोडी वाकली असेल आणि दोन्ही बाजू गुळगुळीत असतील तर उलटी करून वापरता येते.

झिरो मात्र १०० मीटरवर कागदावरच करा. स्टीलवर झिरो होत नाही, आणि तुमची पहिली प्लेट ३०० च्या अलीकडे आणायची गरजच पडणार नाही.