'आत सिलिंडर किती?' कुणालाच माहीत नव्हतं

प्रश्न: नमस्कार सर, मागच्या महिन्यात आमच्या समोरच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आग लागली, घर बंद होतं, सगळे गावाला गेलेले. फायर ब्रिगेडवाले वर जाता जाता विचारत होते, आत सिलिंडर किती, कुठे ठेवलेत, आणि आम्ही पन्नास माणसं नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी. मग आतून धाडधाड आवाज यायला लागले, सगळे ओरडले सिलिंडर फुटला, पण नंतर कळलं तो तर शाबूत होता! मग ते आवाज कसले? आमचे मिस्टर सिलिंडर काढायला वर धावत होते, मी अडवलं, बरोबर केलं ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, अगदी बरोबर केलंत. आगीत तापलेल्या सिलिंडरला साध्या माणसाने हात लावायचाच नाही. आतला गॅस द्रवरूपात असतो, तापला की उकळायला लागतो आणि प्रेशर वाढत जातं, आणि वरच्या रिकाम्या भागातला पत्रा, जिथे थंडावा द्यायला द्रव नसतो, तो आधी नरम पडून फाटतो. मग १४.२ किलोच्या भरलेल्या सिलिंडरमधला द्रव एका झटक्यात अडीचशेपट पसरून पेट घेतो. म्हणून जवान लांबून, भिंतीच्या आडोशाने आधी त्याच्यावर पाणी मारून तो थंड करतात, नंतरच बाहेर आणतात.

आवाजांचं म्हणाल तर ते बहुतेक डिओ, हिट, हेअर स्प्रे असल्या डब्यांचे असणार. त्यांच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, आणि पेटलेल्या खोलीत तर छताजवळ ५००-६०० अंश होतं. डबा गोळीसारखा उडतो. धुरात हाताएवढंही दिसत नसताना गुडघ्यावर रांगत जाणाऱ्या जवानाच्या तोंडावर असं काही आलं तर काय होईल, विचार करा. रंगाचे बंद डबे, थिनर, दिवाळीचे उरलेले फटाके (हे लोक माळ्यावर का टाकतात मला खरंच कळत नाही), सगळं त्यातच आलं.

न सांगण्याची किंमत काय असते ते आपल्या मुंबईने बघितलंय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली, आत कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. धोक्याचा माल असला की जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, तो नव्हता, त्यामुळे पहिले बंब आले तेव्हा कापूसच जळतोय असं वाटलं. दुपारी चारच्या सुमाराला जहाज उडालं आणि ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्या घराला असा बावटा कुणी लावत नाही, तो शेजाऱ्यांनीच तोंडाने लावायचा.

तर १०१ ला फोन करतानाच सांगायचं: आत माणसं आहेत का, कुठल्या खोलीत. मग सिलिंडर, भरलेला जास्तीचा कुठे ठेवलाय तेसुद्धा, आणि पाईपचा गॅस असेल तर तसं सांगून खालचा व्हॉल्व्ह दाखवायचा. घरात आजारी माणूस असेल तर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का हे नक्की सांगा, ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण आग भयंकर भडकवतो. आणि हल्ली सगळ्यात महत्त्वाचं, ई-स्कूटरची बॅटरी वर चार्जिंगला लावलीय का. लिथियमचा एक सेल तापला की शेजारचा तापवतो, विषारी धूर येतो, आणि विझली असं वाटल्यावर काही तासांनी परत पेटते, जवान आत आवराआवर करत असतानाच. तुमच्या सोसायटीत कोणाकडे काय आहे याची एक वही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, येत्या मीटिंगलाच विषय काढा ताई.