वाचकांचे प्रश्न : रिपोर्टिंगच्या टेबलावर नॉर्मल हिस्टॉलॉजी

प्रश्न : पहिल्या वर्षात हिस्टॉलॉजीचा (मायक्रोस्कोपखालच्या ऊतींच्या रचनेचा) अ‍ॅटलास पाठ झालेला असतो. पॅथॉलॉजीत आल्यावर नॉर्मल ऊतींचा वेगळा संदर्भग्रंथ कशाला? आजारांचं पुस्तक पुरत नाही का?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी

उत्तर : नाही पुरत. आजारांच्या पुस्तकात स्लाइडवरची कुठलीही वेगळी गोष्ट कशाशी तरी जुळतेच. ‘हे इथे असायचंच’ असं सांगणारं पान त्यात क्वचित सापडतं. विद्यार्थ्यांच्या अ‍ॅटलासमधला अवयव ताजा, नीट फिक्स केलेला आणि सरळ कापलेला असतो. तुमच्या हाती येतो तो उतारवयातल्या माणसाचा, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, कडेनं चिरडलेला तुकडा.

प्रोस्टेटची सुईनं घेतलेली बायोप्सी पाहा. एका टोकाला दाटीवाटीनं लहान ग्रंथी दिसतात. न्यूक्लियस मोठे, गडद, एकमेकांशी न जुळणारे. पहिला विचार कर्करोगाचा येणार. आता मोठ्या पॉवरवर पाहा. सायटोप्लाझममध्ये सोनेरी-तपकिरी, भरड लिपोफ्युसिन (वयाबरोबर पेशीत साठणारं रंगद्रव्य) आहे का? न्यूक्लियस गडद असूनही पुसटल्यासारखे, जुनाट दिसतात का? मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) जवळजवळ नाहीत ना? एवढं जुळलं, तर ती सुई प्रोस्टेटलगतच्या सेमिनल व्हेसिकलमध्ये (वीर्यातला द्रव बनवणाऱ्या ग्रंथीत) किंवा इजॅक्युलेटरी डक्टमध्ये गेलेली असण्याची शक्यता मोठी. तिथल्या पेशी वयानुसार अशाच बेढब होतात. एकटं लिपोफ्युसिन मात्र पुरेसं नाही, ते प्रोस्टेटच्या पेशींतही सापडतं. शंका उरलीच तर इम्युनो (अँटिबॉडीनं ठरावीक प्रोटीन दाखवणारा स्टेन) करा : सेमिनल व्हेसिकलमध्ये पीएएक्स८ पॉझिटिव्ह येतो, पीएसए आणि एनकेएक्स३.१ (प्रोस्टेटच्या पेशींच्या खुणा) निगेटिव्ह, आणि बेसल पेशींचा थर शाबूत असतो. ही ओळख दुसऱ्या बाजूनंही कामाची आहे. सेमिनल व्हेसिकल ओळखताच आलं नाही, तर कर्करोग तिथवर पोचलाय हे कसं कळणार?

अशा जागा बऱ्याच आहेत. खालच्या जबड्याच्या कोनाजवळ, आतल्या बाजूला, नर्व्हच्या तंतूंना लगटून एपिथेलियमच्या पेशींचे छोटे पुंजके असतात. हे चिविट्झचं ऑर्गन. तोंडाच्या कर्करोगाच्या फ्रोझन सेक्शनमध्ये (शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून तपासलेल्या तुकड्यात) ते ‘नर्व्हभोवती पसरलेला कर्करोग’ वाटू शकतं आणि तेवढ्यावरून शस्त्रक्रिया वाढवली जाते. पेशी शांत, एकसारख्या, मायटोसिस नाहीत, हे पाहून थांबायचं. स्तनाग्राच्या त्वचेतल्या टोकर पेशी सीके७ चा इम्युनो स्टेन घेतात, म्हणून एकट्या सीके७ वर पॅजेट (स्तनाग्राच्या त्वचेतला कर्करोग) म्हणू नये. काखेतल्या लिम्फ नोडच्या कॅप्सूलमध्ये तिळाच्या, म्हणजे नीव्हसच्या, पेशी सापडतात. मेलॅनोमाच्या (त्वचेच्या रंगद्रव्य-पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णात त्यांना मेटास्टॅसिस म्हटलं तर स्टेजच बदलते.

प्रश्न : ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) बायोप्सीत व्हिलाय (अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) आखूड दिसतात. खरंच आखूड आहेत की कापण्यातला दोष, हे कसं ठरवायचं?
– एका रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट

उत्तर : आधी क्रिप्ट (व्हिलायच्या तळाशी खोल गेलेल्या ग्रंथी) पाहा. त्या गोल गोल चकत्यांसारख्या आणि एकावर एक अनेक रांगांत दिसत असतील, तर तुकडा तिरका कापला गेलाय. तिथे व्हिलसची उंची मोजूच नका, ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) आणखी लेव्हल (पुढचे काप) मागवा. लांबीत कापलेल्या क्रिप्टवर सलग तीन-चार व्हिलाय उभे दिसतील अशी जागा शोधा. तिथे व्हिलस क्रिप्टच्या निदान तिप्पट उंच असावा.

जागा कुठली, हेही पाहा. ब्रुनर ग्रंथींच्या किंवा लिम्फॉइड फॉलिकलच्या डोक्यावरचे व्हिलाय नॉर्मल माणसातही बुटके असतात. बल्बमधले (ड्युओडेनमच्या अगदी सुरुवातीच्या भागातले) मुळातच आखूड आणि रुंद. म्हणून बल्बचे तुकडे वेगळ्या बाटलीत मागावेत.

मग एपिथेलियममधले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). साध्या एच अँड ई स्टेनवर 100 एपिथेलियल पेशींमागे 25 पर्यंत चालतात. नॉर्मल व्हिलसमध्ये ते टोकाकडे विरळ होत जातात. टोकाशीही तेवढीच दाटी असेल, तर उंची चांगली असली तरी रिपोर्टमध्ये लिहा. सीडी३ वर (लिम्फोसाइट दाखवणाऱ्या इम्युनोवर) जास्त पेशी उठून दिसतात. एच अँड ई ची मर्यादा तिथे जशीच्या तशी लावू नका.

आणि तुकडाच धड नसेल तर ‘ओरिएंटेशन अपुरं, व्हिलसच्या उंचीबद्दल मत देता येत नाही’ असं सरळ लिहावं. यात कमीपणा नाही. अंदाजानं ‘व्हिलाय आखूड’ लिहिलंत, तर सीलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) समजून रुग्णाला आयुष्यभराचं पथ्य लागू शकतं.

प्रश्न : संदर्भग्रंथातले आकडे आपल्या मायक्रोस्कोपवर थेट वापरावेत का?
– प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ

उत्तर : ‘दर हाय पॉवर फील्ड’ असे असतील तर नाही. आयपीसचा फील्ड नंबर (त्यावर लिहिलेला, दिसणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचा आकडा) 18 असेल तर 40 च्या ऑब्जेक्टिव्हला वर्तुळाचा व्यास 0.45 मिमी आणि क्षेत्रफळ सुमारे 0.16 चौ. मिमी. तोच नंबर 22 असेल तर 0.55 मिमी आणि 0.24 चौ. मिमी, म्हणजे जवळपास दीडपट. मोजणी चौरस मिलिमीटरमध्येच लिहा.

सेक्शनची जाडीही पाहा. किडनीचे निकष 3 मायक्रॉनच्या आसपासच्या सेक्शनवर बसवलेले आहेत. 5 मायक्रॉनवर चांगला ग्लोमेरुलसही (किडनीतला रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुंता) पेशींनी गच्च वाटतो.

वय विसरू नका. वयाची निम्मी संख्या वजा 10, इतके टक्के ग्लोमेरुलस पूर्ण स्क्लेरोज झालेले (घट्ट होऊन निकामी झालेले) वयामुळे धरता येतात : साठीत 20 टक्क्यांपर्यंत. बोनमॅरोची सेल्युलॅरिटी (त्यातल्या रक्त बनवणाऱ्या पेशींची टक्केवारी) ढोबळमानानं 100 वजा वय. तीस टक्के सत्तरीत ठीक, पण लहान मुलात तो पेशींचा अभाव आहे.

प्रश्न : इंटरनेटवरच्या चित्रांवर भागतं का? स्वतःचा संग्रह करावा का?
– पदव्युत्तर विद्यार्थी

उत्तर : इम्युनोसाठी ‘ह्युमन प्रोटीन अ‍ॅटलास’ उत्तम. 2003 साली स्वीडनमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प सर्वांना मोफत खुला आहे. कुठलं प्रोटीन कुठल्या नॉर्मल पेशीत दिसतं ते त्यात कळतं. पण त्यातले नॉर्मल तुकडे साधारण 1 मिमी व्यासाचे असतात, त्यामुळे अवयवाची रचना कळत नाही. शिवाय प्रत्येक अँटिबॉडीपुढची विश्वासार्हतेची नोंद वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

संग्रह जरूर करा. शस्त्रक्रियेच्या नमुन्यातला गाठीपासून लांबचा ब्लॉक घ्या. कोलनमध्ये गाठीलगतच्या क्रिप्ट लांबलेल्या असतात, ती जागा नॉर्मल म्हणून चालणार नाही. पोस्टमॉर्टेममधलं आतड्याचं अस्तर आणि पॅन्क्रियास लवकर विरघळतात, ते टाळा. लेबलवर नाव नको. वय, लिंग, नेमकी जागा, फिक्सेशनचे तास आणि एंडोमेट्रियम असेल तर पाळीचा दिवस एवढं हवंच. लहान मुलाचा व्हास डेफरन्स (शुक्राणू वाहून नेणारी नळी) मिळाला तर जपून ठेवा. हर्नियाच्या पिशवीत ग्रंथीसारखी नळी दिसली की तिच्याशी ताडून पाहायला तो लागतो : व्हासला जाड स्नायूंची भिंत असते, गर्भावस्थेतल्या अवशेषांना ती नसते. व्हास कापला गेला का, हे त्यावरूनच ठरतं.